विना-अपघात

१२ जानेवारी, रविवार

निघालो ७.०५. परत ८.१०. फेऱ्या दोन. विना-अपघात.

सवय जात नाही. एकतीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलं, रोज लॉगशीट भरली, आता सायकलची भरतो. कुणी मागत नाही, कुणाला दाखवायची नाही. तरी तो शेवटचा शब्द लिहिल्याशिवाय वही मिटवत नाही.

आज सायकल ट्रॅकवर नुसती जत्रा. तळ्यापासून कॉलेजच्या मागपर्यंत साडेचार किलोमीटर, जुन्या पाण्याच्या पाइपलाइनवरून काढलेला. दोन ठिकाणी रस्ता आडवा येतो तेवढाच, बाकी गाडी नाही, हॉर्न नाही. पालिकेनं आयुष्यात एक शहाणपणाचं काम केलं असं मी उद्घाटनाला म्हणालो होतो. आता तिथं पोरं चाकाचे बूट घालून पडतात, बायका चौघी-चौघी हातात हात घालून चालतात आणि शेळ्याही चरायला येतात.

आणि तो दूधवाला कुमार. मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून तोंडाशी लोखंडी खांब रोवलेत. त्यातला एक उपटलाय, तिथून हा पठ्ठ्या कॅनसकट आत. पाच मिनिटं वाचतात म्हणे. आज पुन्हा दिसला, वेळ ७.४०. पालिकेत तिसरा अर्ज देणार. तारीख, वेळ, गाडी नंबर, सगळं लिहून. ड्रायव्हरचा रिपोर्ट आहे, कुणी खोटा पाडून दाखवावा.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. थंडी. फेरी एकच. विना-अपघात.

कमल हल्ली चहा शेजारी ठेवत नाही. कपाचा कान माझ्या बोटांत अडकवते आणि मगच सोडते. तिळगूळही असाच, मूठ उघडून हातात. चाळीस वर्षांच्या संसारात हे लाड नव्हते. म्हातारपणी माया वाढली म्हणायची!

बोळीतली खाटही हलवून टाकली तिनं. म्हणे उजेड अडतो. मी गेल्या आठवड्यात त्या खाटेला दोनदा ठेचकाळलो होतो, त्यामुळं मला बरंच झालं.

१७ जानेवारी, शुक्रवार

सोलापूरला जाऊन आलो. कमलला सांगितलं एका ड्रायव्हरच्या मुलीचा साखरपुडा आहे. खरं इथं लिहितो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो.

तक्ता वाचला. शेवटची ओळ बिनचूक. डेपोच्या तपासणीत दरवर्षी पास व्हायचो तसाच. मी उठायला लागलो तर डॉक्टर म्हणाले, बसा. मग एका भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी बोट बटणावर ठेवून बसलो, ठिपका येईचना. शेवटी विचारलं, मशीन बंद पडलं का? डॉक्टर म्हणाले, पुष्कळ ठिपके येऊन गेले काका.

काचबिंदू. समोरचं आहे, कडेचं गेलं. डावीकडचं जास्त. गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंबांनी टिकवायचं. गाडी बंद. मी विचारलं, सायकल? सायकलसुद्धा बंद. मी म्हणालो, माझ्याकडं विना-अपघात सेवेचा बिल्ला आहे साहेब. त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठीवर थेंबांचं नाव लिहिलं.

मला काही पटलं नाही. कडा काळ्या दिसल्या असत्या तर कळलं असतं. मला तर सगळं भरलेलं दिसतं. जे दिसत नाही ते दिसत नाही हे माणसाला कळणार कसं?

कमलला सांगितलं, डोळे कोरडे पडतात म्हणून थेंब आणलेत. तिनं बाटली उजेडाला धरून बघितली आणि फडताळात ठेवली.

१८ जानेवारी, शनिवार

सायकल सोडायची म्हणजे काय उरलं? बस गेली, खाकी गेली. सकाळचा एक तास आहे, त्यात मी कुणाचा नवरा नाही, पेशंट नाही, चालक आहे. ट्रॅकवर गाड्याच नाहीत तर भीती कुणाची? रस्ता आडवा येतो तिथं उतरून पायी जाईन. मान फिरवत ठेवीन. साडेचार किलोमीटर मला तोंडपाठ आहेत, कुठं गुलमोहर, कुठं बाक, कुठं फरशी उचकटलीय.

निघालो ७.१०. फेऱ्या दोन. विना-अपघात. घ्या!

२१ जानेवारी, मंगळवार

कमलनं माझ्या सायकलला घंटी बसवून आणली. न विचारता. ही मोठी, दूधवाल्यासारखी. "वाजवत जावा जरा. लोकं बाजूला हुतील."

मी म्हणालो, ड्रायव्हर घंटी वाजवत नसतो. घंटी वाहकाची. एक दिली की थांबायचं, दोन दिल्या की निघायचं. ड्रायव्हरनं फक्त ऐकायचं.

तर म्हणते, "मग वाहक घेऊन जावा संगं." तिला सायकलच्या कॅरेजवर बसायची हौस आली की काय या वयात. हसलो. ती हसली नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

निघालो ७.०५. परत ७.४०. फेरी एक. विना-अपघात.

धुकं होतं. गुलमोहराच्या वळणावर डावी मूठ कशाला तरी लागली. फांदी असावी नाहीतर शेळी. शेळ्या होत्या तिथं, मागं वळून बघितलं तेव्हा दिसल्या. अंगात कणकण वाटली म्हणून दुसरी फेरी केली नाही.

सायकल घरी आल्यावर बघणार होतो, पण कमलनं ती पुसूनसुद्धा ठेवली. कधी नव्हे ते.

२५ जानेवारी, शनिवार

गुंडाप्पा सकाळीच आला. आमच्या डेपोचा मेकॅनिक, माझ्याबरोबरच रिटायर झाला, आता ट्रॅकवर चालायला येणाऱ्यांचा पुढारी आहे. उंबऱ्यातूनच सुरू झाला.

"ऐकलं का? लक्ष्मीबाईला उडवली ट्रॅकवर. ती शेळ्यावाली म्हातारी. खुब्याचं हाड मोडलंय. त्या कुमारनं, दुसरं कोण! गाडी तिथंच हुती त्याची. आता सुटत न्हाय बघ त्यो."

मी विचारलं, कुठं?

"गुलमोहराच्या वळणाला. काल सव्वासात-साडेसातला."

कमल आतून पाणी घेऊन आली होती. तांब्या तिनं माझ्या हातात दिला नाही, खाली ठेवला आणि आत गेली.

आज ट्रॅकवर गेलो नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला गेलो, परत आलो. दिवसभर सायकलीजवळ बसून होतो. मूठ बघितली, ब्रेक बघितला, मडगार्ड बघितलं. ओरखडा नाही, काही नाही. माणसाला लागलं असतं तर काहीतरी खूण राहिली असती. बसला साधी म्हैस घासली तरी पत्रा बोलतो.

म्हणजे शेळीच होती.

२७ जानेवारी, सोमवार

शेळी नव्हती.

शुक्रवारी इथं जे लिहिलं नाही ते आज लिहितो. आवाज ऐकला होता. "आगं माय" असा. शेळी तसं म्हणत नाही. मी पायडल थांबवलं, दोन-तीन वार गेलो, मागं बघितलं. शेळ्या दिसल्या. बाई दिसली नाही, कारण ती खाली पडली होती आणि मी मान पुरती वळवली नाही. वळवली असती तर उतरावं लागलं असतं. मागून मोटारसायकलचा आवाज आला. मी पायडल मारलं.

एकतीस वर्षं पोरांना शिकवलं, नव्या ड्रायव्हरांना. ठोकर लागली तर आधी थांबायचं. चूक कुणाची ते नंतर. पळाला तो ड्रायव्हर नव्हे. हे मी शिकवलं!

२८ जानेवारी, मंगळवार

कुमारची गाडी चौकीत लावलीय. रोज बोलावून बसवतात. त्याचं दूध घेणाऱ्या घरांनी दुसरा दूधवाला लावला. गुंडाप्पानं पंधरा सह्यांचा अर्ज केलाय, आणि त्याला पुरावा म्हणून काय जोडलंय? माझे तिन्ही अर्ज. तारीख, वेळ, गाडी नंबर. सगळे म्हणतात काय पक्कं काम केलंय ड्रायव्हरसाहेबांनी.

सोळावी सही माझी मागितली. चष्मा घरी आहे म्हणालो. चष्मा नाकावर होता.

२९ जानेवारी, बुधवार

गुंडाप्पा पुन्हा. "तुझी ती वही हाय न्हवं? रोजचं टायमिंग लिहितूस ती. चोवीस तारखेचं पान दाखवू चौकीत. तू त्या वक्ताला ट्रॅकवर असशील, त्याची गाडी बघितली असशील. लेखी पुरावा लागतो बाबा."

मी म्हणालो, त्या दिवशी गेलो नव्हतो. थंडी होती.

तोंडातून निघून गेलं. आणि वहीत लिहिलंय निघालो ७.०५.

गुंडाप्पा गेल्यावर पान फाडायला घेतलं. शिलाईची वही आहे, एक पान ओढलं की पलीकडचं जोडपान सुटतं. पलीकडं संक्रांत होती. तिळगूळ आणि कपाचा कान. हात थांबला. वही बिल्ल्याच्या डबीमागं परत ठेवली. तिथं कुणी बघत नाही. कमल किराण्याच्या यादीपलीकडं काही वाचत नाही.

३० जानेवारी, गुरुवार

ओळी तिरक्या जातायत. पहिल्या ओळीवर दुसरी चढते. लिहायचं होतं ते विसरलो.

३१ जानेवारी, शुक्रवार

कुमार घरी आला. पहिल्यांदाच त्याला मोटारसायकलशिवाय बघितलं. तिशीचा माणूस, पण वाकल्यासारखा उभा होता. मी खुर्ची दिली, बसला नाही.

"काका, तुमी रागावता मला ठाव हाय. ट्रॅकमदनं जायाला नको हुतं, चुकलं माजं. पर म्हातारीला म्या न्हाय पाडलं. म्या आलो तवा ती पडलेली हुती. कॅन उतरवले, तिला उचललं, रिक्षा बलावली, दवाखान्यात म्याच नेलं. आन् आता मलाच धरलंय."

मी खुर्ची पुन्हा पुढं सरकवली.

"म्या वाकून उचलत हुतो तवा फुडं सायकलवर एक मानूस जाताना दिसला. पाठमोरा. मफलर हुता, तपकिरी." माझा मफलर खुंटीला होता, त्याच्या डोळ्यांसमोर. त्यानं तिकडं बघितलं नाही, किंवा बघून परत माझ्याकडं बघितलं. "चौकीत सांगितलं म्या, तुमच्यावानी वाटला म्हून. गुंडाप्पा काका तिथंच हुते. म्हनले, त्यांचं नाव घिऊ नगंस, एकतीस वर्सात ज्याच्या गाडीखाली कोंबडी आली न्हाय त्यो मानूस हाय. काका, तुमी हुता का तिथं? निस्तं व्हय म्हना. म्या तुमच्यावर काय घालत न्हाय. मला सोडवा."

मी म्हणालो, मी त्या दिवशी गेलोच नव्हतो.

तो "बरं काका" म्हणाला आणि चपला घालून गेला.

लाज वाटली. त्याला माझ्या बिल्ल्याखाली चिरडला मी, आणि बिल्ल्यावर ओरखडा नाही. हा माझा दुसरा अपघात, आणि या वेळी मला समोरचं स्वच्छ दिसत होतं.

कमल स्वयंपाकघराच्या दारात होती. म्हणाली, "त्याला चहा तरी द्यायचा." तिचे डोळे लाल होते. कांदा चिरत असेल.

१ फेब्रुवारी, शनिवार

सोमवारी कुमारवर रीतसर गुन्हा दाखल होणार. लक्ष्मीबाईचा मुलगा बालाजी तक्रार देतोय. गुंडाप्पा खुशीत आहे.

मी सांगितलं तर काय होईल? केस होईल. पेपरात येईल, निवृत्त चालकाची वृद्धेला धडक. डेपोत चहाच्या टपरीवर चार दिवस पुरेल. सायकल जाईल. डोळ्यांचं सगळ्यांना कळेल, मग रस्त्यात लोक हात धरायला येतील. आणि बिल्ला. तो कुणी परत मागणार नाही. पण डबी उघडून मी परत बघू शकणार नाही.

नाही सांगितलं तर? काहीच होणार नाही. मी विना-अपघातच मरेन.

२ फेब्रुवारी, रविवार

दवाखान्यात गेलो. पायी. कमल म्हणाली, मी येते. मी नको म्हणालो तर चप्पल घालून पुढंच निघाली, माझ्या डाव्या बाजूनं चालत राहिली सगळा रस्ता.

लक्ष्मीबाईचा पाय वजन बांधून वर टांगलाय. ऑपरेशन बुधवारी. मी नाव सांगितलं तर हसली. "सास्तूरच्या गाडीवर हुता न्हवं तुमी? माज्या माहेरच्या गाडीवर. फाट्यावर हात केला की थांबायचे. बाकीचे डायवर बघून न बघितल्यावानी करायचे, तुमी थांबायचे."

हे तिनं म्हणायला नको होतं. त्यानंतर बोलणं फार जड गेलं. पण बोललो. बालाजी समोर उभा होता, त्याच्यासमोरच. मावशी, तुम्हाला मी पाडलं. सायकलनं. मला डावीकडचं दिसत नाही. तुमचा आवाज ऐकला आणि थांबलो नाही.

बालाजीनं माझी कॉलर धरली. सोडवायला कुणी आलं नाही ते बरं झालं. तो ओरडला, "आठ दिस! आठ दिस त्या पोराला झिजवला आमी, आन् तुमी घरी बसून हुता!" मी म्हणालो, हो. मग त्यानं आपणच कॉलर सोडली आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

लक्ष्मीबाईनं त्याच्या पाठीकडं बघितलं. मग म्हणाली, "मोटारसायकलीचा आवाज पडल्यावर आला. म्या ह्याला पैल्या दिशीच सांगितलं. म्हातारीचं कोण ऐकतंय." मी हात जोडले. तिनं तोंड फिरवलं. "जावा आता. बुधवारचं हू द्या, मग बगू मला काय वाटतंय ते."

माफ केलं म्हणाली नाही. मी मागितलीही नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

चौकीत जबाब दिला. साडेतीन तास. साहेबांनी तीनदा विचारलं, काका, कुणी दबाव टाकलाय का? माणूस खरं बोलला तर दबाव शोधतात. शेवटी ही वही काढून चोवीस तारखेचं पान पुढं ठेवलं. त्यांनी नक्कल करून घेतली. वही पुन्हा लागली तर आणावी लागेल म्हणाले.

सोलापूरच्या डॉक्टरांची चिठ्ठीही दिली. म्हणजे सतरा तारखेला कळलं होतं आणि अठराला सायकल काढली, हे आता कागदावर आलं. त्यावर काय कलम लागतं ते मी विचारलं नाही.

कुमार गाडी घ्यायला आला होता. माझ्या जवळून गेला तेव्हा थांबला. मी म्हटलं, आता बोल काय बोलायचं ते. तो म्हणाला, "शुक्रवारी दारात आलो हुतो काका. दारात." एवढंच. मग गाडीला किक मारली. सहा-सात मारल्या तेव्हा सुरू झाली, आठ-दहा दिवस उभी होती ना.

गुंडाप्पा रस्त्याच्या पलीकडून गेला. तो मला दिसला, डोळ्यांच्या अगदी समोर होता.

सायकल बोळीत उभी आहे. घंटी कमलनं काढून ठेवलीय. का ते विचारलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

हे अक्षर माझं, कमलचं. यांना ओळ सापडत नाही, म्हणून सांगतात आणि मी लिहिते. निघालो ७.००. पायी. दवाखान्यापर्यंत. लक्ष्मीबाईचं ऑपरेशन झालं, शुद्धीवर आल्या.

आता ते झोपलेत. हे माझं. वही मी रोज वाचत होते, दिवाळीपासून. दिसत नाही हे मला डॉक्टरच्या आधी कळलं होतं. चोवीस तारखेला ब्रेकच्या मुठीत लुगड्याच्या हिरव्या काठाचे धागे अडकले होते. मी काढले, सायकल पुसली आणि गप्प बसले. कुमार दारात आला तेव्हाही गप्प बसले. एक घंटी द्यायची होती. दिली नाही. उद्या चौकीत मी जाणार आहे.

अपघात एक. चालक महारुद्र. वाहक कमल.